घरात वाळवी आहे का? ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतीत आम्ही घर घेतलं, तेव्हा बाथरूमच्या चौकटीला नुकताच क्रीम रंगाचा ऑइलपेंट मारलेला होता. विकणाऱ्याने जाताजाता एवढी काळजी घेतली याचं मला कौतुकच वाटलं. तीन महिन्यांनी लादी पुसताना बादलीची कड चौकटीला लागली आणि रंग अंड्याच्या टरफलासारखा आत गेला. बोट घातलं तर अख्खं पेर आत. लाकूड जागेवर नव्हतंच. ओलसर तपकिरी माती, तिच्यात कागदासारखे उभे पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांमधून भाताच्या कणीएवढे दुधाळ किडे उजेडापासून लांब पळत होते. बाहेरून सरळ, गुळगुळीत चौकट दिसत होती ती नुसती रंगाची होती.

चूक विकणाऱ्याची म्हणा, पण माझीही होती. त्याच चौकटीच्या पायाशी, लादीच्या फटीतून वर गेलेली काडीएवढी मातीची रेघ मी तीन महिने बघत होते. बघत होते म्हणजे, दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसत होते. जुनं घर आहे, फटीतून माती येते, असं मनाशी म्हणून.

म्हणून हे लिहिते आहे. वाळवी बघायला मिळाली की काम बरंच पुढे गेलेलं असतं. त्याआधी तिचा रस्ता दिसतो, आणि रस्त्याच्याही आधी ओल दिसते. या दोन गोष्टी हुडकायला तासभर पुरतो. ते कसं करायचं ते क्रमाने सांगते.

आधी शत्रूची थोडी ओळख

आपल्याकडे घरांना लागणारी बहुतेक वाळवी जमिनीतली. मुक्काम मातीत आणि जेवायला आपल्या घरी. तिचे कामकरी किडे आंधळे आणि मऊ कातडीचे असतात, उघड्या कोरड्या हवेत फार टिकत नाहीत. त्यामुळे ते उघड्यावरून चालत नाहीत. माती, लाळ आणि विष्ठा कालवून बोगदा बांधतात आणि त्याच्या आतून ये-जा करतात. भिंतीवर दिसणारी मातीची रेघ म्हणजे हा बोगदा.

दुसरी वाळवी कोरड्या लाकडातली. तिला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. लाकडातच राहते, लाकूडच खाते, लाकडात असलेला ओलावा तिला पुरतो. ती रेघ बांधत नाही, दाणे टाकते. घरात ती बहुधा जुन्या फर्निचरमधून येते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून असो की आत्याकडून मिळालेला पलंग असो, वापरलेलं लाकूड घरात घेण्याआधी गॅलरीत उलटं करून बघा.

कित्येक जण वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात. ती मुंगी नाही. प्राणिशास्त्रात तिला आता झुरळांच्याच गणात धरतात. हे मी विद्वत्तेसाठी सांगत नाही. मुंग्यांचा खडू ओढून वाळवी थांबेल अशी आशा बाळगणारे लोक मी पाहिले आहेत, आमच्याच घरात पाहिले आहेत.

आणि "आम्ही सातव्या मजल्यावर आहोत, आमच्याकडे कशी येईल?" हा प्रश्न. पाइपांच्या डक्टमधून (पाइप वरपासून खालपर्यंत जातात ती पोकळी), वायरिंगच्या नळ्यांमधून, लिफ्टशेजारच्या फटीतून येते. मिलिमीटरभर फट तिला रस्त्यासारखी असते. वर कुठे कायम ओल मिळाली, तर काही जाती जमिनीशी संबंध न ठेवताही भिंतीतच संसार थाटतात. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये हे होणार नाही, असं धरून चालू नका. येऊरच्या पायथ्याशी जिथे काल झाडी होती तिथे आज इमारत असली, तरी मातीतली वाळवी काही घर बदलून गेलेली नसते. नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी १९७० साली स्थापन झाली. तिथल्या सुरुवातीच्या नोडमधली, म्हणजे उपनगरांमधली, जुनी घरं आता वयस्क आहेत आणि त्यांच्या पाइपांचंही वय झालं आहे. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. ओलीला आपल्याकडे तोटा नाही.

पायरी १: सामान आणि वेळ

मोबाइलचा नको, वेगळा टॉर्च घ्या, कारण फोन फोटोला लागणार आहे. एक स्क्रूड्रायव्हर, पेन्सिल, आणि जुनी प्लास्टिकची पट्टी. एवढंच.

वर्षातून दोनदा तरी बघा. एकदा पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत, आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, कारण तेव्हा कपाटं हलतातच. नव्या घरात राहायला येताना मात्र सामान लावायच्या आधी. एकदा वॉर्डरोब भिंतीला लागला की त्याच्या मागची भिंत पुढची दहा वर्षं कोणी बघत नाही.

पायरी २: ओलीपासून सुरुवात करा

हॉलमध्ये टॉर्च मारत फिरू नका. सरळ बाथरूमपाशी जा. आपल्या फ्लॅटमध्ये वाळवीची सलामी बहुतेक वेळा बाथरूम किंवा संडासाच्या चौकटीला असते. दोन्ही पाय कायम ओल्या लादीत, आणि आतल्या बाजूला रोज पाणी. पुष्कळ ठिकाणी आता ग्रॅनाइटच्या चौकटी बसवतात, ते शहाणपणाचंच आहे. पण जुन्या घरात लाकडीच असतात, आणि नव्यातही ग्रॅनाइटच्या चौकटीत दार लाकडाचंच असू शकतं.

चौकटीचे खालचे वीतभर भाग बघा. बाहेरून, आतून, आणि दार उघडून बिजागऱ्यांच्या बाजूने. लादी आणि चौकट जिथे भेटतात त्या फटीत टॉर्च तिरका धरा. सरळ प्रकाशात काही दिसत नाही. तिरक्या प्रकाशात रंगावरचा फुगवटा आणि मातीची बारीक रेघ यांची सावली पडते.

मग स्वयंपाकघरात सिंकखालच्या ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढा. अर्ध्या नाही, पूर्ण. मागची भिंत आणि पाइप जिथून भिंतीत शिरतो ते भोक बघा. तिथे गवंड्याने सिमेंट भरलेलं नसतं, हे मी आता पैजेवर सांगू शकते. पाण्याचा फिल्टर टांगलेली भिंत, वॉशिंग मशीनचा कोपरा, एसीच्या पाण्याची नळी जाते ती खिडकी, ड्राय बाल्कनी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, जे कुणाच्या लक्षात येत नाही: बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून बेडरूममध्ये उभं असलेलं कपाट. बाथरूमच्या बाजूने टाइल्स असतात, त्यामुळे ओल तिकडे दिसत नाही. ती या बाजूला येते, आणि इथे कपाटाच्या पाठीला सगळ्यात स्वस्त, पातळ प्लाय मारलेली असते. वाळवीसाठी हे ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. कपाट हलत नसेल तर खालचा ड्रॉवर काढा आणि त्या पोकळीतून मागे टॉर्च मारा.

पायरी ३: मातीची रेघ, आणि ती जिवंत आहे का

रेघ साधारण पेन्सिलीएवढी रुंद असते, कधी त्याहून बारीक. मातकट, खडबडीत, फांद्या फुटलेली. लादीच्या कडेने, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लादीची पट्टी असते तिच्या) वरच्या काठाने, दोन भिंतींच्या कोपऱ्यातून, पाइपाच्या मागून जाते. माळ्यावर बघायला विसरू नका. तिथे टीव्हीचे, मिक्सरचे रिकामे खोके वॉरंटीच्या आशेने वर्षानुवर्षं पडलेले असतात, आणि पुठ्ठा तिला लाकडाहून सोपा.

रेघ दिसली की आपला पहिला हात फडक्याकडे जातो. थांबा. आधी फोटो. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रेघेचा मधलाच इंचभर भाग अलगद खरवडा. सगळी पुसू नका, नाहीतर ती कुठून येते आणि कुठे जाते हेच कळणार नाही. आत किडे दिसले तर प्रश्न मिटला. दिसले नाहीत तर खरवडलेल्या जागेशेजारी पेन्सिलीने तारीख घाला आणि दोन-तीन दिवसांनी बघा. तुटलेला भाग ओलसर, गडद मातीने पुन्हा जोडलेला असेल तर वाट चालू आहे. कोरडी, फिकी, हात लावताच भुगा होणारी रेघ जुनी असू शकते.

"असू शकते" असं मुद्दाम म्हणते. रेघ पुन्हा बांधली नाही म्हणजे वाळवी गेली असं नाही. तिने दुसरी वाट धरली असेल. तुटलेल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना तीन-चार फूट नीट बघा.

पायरी ४: ठोका आणि कान लावा

कलिंगड घेताना ठोकून बघतो, तसंच. स्क्रूड्रायव्हरची मूठ वापरा. सुरुवात चौकटीच्या वरच्या भागापासून करा, तिथे लाकूड बहुधा शाबूत असतं. तो भरीव आवाज कानात बसू द्या. मग दर चार बोटांवर ठोकत खाली या. पोकळ जागा आली की आवाज एकदम बदलतो. आमच्या सुताराने तो मला ऐकवला तेव्हा म्हणाला, "वहिनी, हा बघा, पापडाचा आवाज." त्याहून चांगलं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

आवाज बदलला तिथे अंगठ्याने दाबा. शाबूत लाकूड दबत नाही. पोखरलेलं असेल तर रंग दबतो, कधी करकरतो. खात्री हवी असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक नजरेत न येणाऱ्या जागी हलकेच टेकवा, जोर लावू नका. भाड्याचं घर असेल तर हे मालकासमोर करा.

सनमायका लावलेल्या फर्निचरला हा प्रयोग फसवतो. सनमायका स्वतः कडक असतो. आतली प्लाय खाल्ली गेली तरी तो ऐटीत उभा राहतो. तिथे खूण वेगळी: पत्रा दाबल्यासारखा आत-बाहेर होणारा सनमायका, सुटलेली एजपट्टी, आणि बिजागरीचे सैल झालेले स्क्रू. स्क्रू घट्ट करायला गेलात आणि तो फिरतच राहिला, पकडच घेईना, तर स्क्रू काढून त्याचं टोक बघा. टोकाला ओलसर माती लागून आली तर आत काय चाललंय ते कळलं.

इथे एक गैरसमज. "आमची प्लाय वॉटरप्रूफ आहे." बाजारात एमआर (ओलावा सोसणारी) ग्रेड म्हणजे आयएस ३०३ आणि मरीन म्हणजे आयएस ७१० असे भारतीय मानकांचे शिक्के असतात. वॉटरप्रूफ या शब्दाचा भर मुख्यतः थर चिकटवणाऱ्या गोंदावर असतो. पाण्यात थर सुटणार नाहीत, एवढं तो सांगतो. वाळवीविरोधी प्रक्रिया केली आहे का, हे वेगळं विचारावं लागतं आणि बिलावर लिहून घ्यावं लागतं. सागवानाचंही तसंच. सागाचा जून गाभा वाळवी सहसा सोडते, पण बाहेरचं फिकं लाकूड तिला चालतं. स्वस्तात मिळालेल्या सागवानी चौकटीत ते फिकं लाकूडच जास्त असतं.

पावसाळ्यात दार अडकायला लागलं की घाबरू नका. आपल्याकडे जुलैत सगळ्यांचीच दारं फुगतात. तेच दार नोव्हेंबरातही अडकत असेल किंवा चौकट सोडून खाली लोंबत असेल, तर मात्र ठोकून बघा.

रात्री घर शांत असताना पोखरलेल्या लाकडाला कान लावून एकदा टकटक केलीत, तर आतून बारीक, कोरडी टकटक परत येते. वाळवीचे सैनिक डोकं आपटून धोक्याचा इशारा देतात. मला हा आवाज एकदाच ऐकू आला आहे. ऐकल्यावर त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं आहे.

पायरी ५: कागद, कापड, देव्हारा

पुस्तकांचं कपाट बघताना पुस्तक पुढून ओढू नका, दोन्ही हातांनी गठ्ठाच बाहेर काढा आणि मागच्या बाजूने बघा. वाळवी मागून शिरते आणि मुखपृष्ठ शेवटी खाते. माझ्या सासूबाईंनी जपलेला दिवाळी अंकांचा गठ्ठा वरून नवा कोरा होता. उचलला तर खालचे चार अंक मातीने एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्या मधोमध वाटीएवढा खड्डा.

बेडच्या बॉक्समधल्या गाद्या-गोधड्यांखालची प्लाय, भिंतीला टेकलेल्या लाकडी देव्हाऱ्याची पाठ, फोटोफ्रेमचा मागचा पुठ्ठा, लग्नाचा अल्बम. कपडे ती फारसे खात नाही, असं म्हणतात. सुती साडी लाकडाच्या वाटेत आली तर सोडत नाही, एवढं मी सांगते.

पायरी ६: स्विचबोर्ड, पण हात न लावता

वायरिंगच्या नळ्या घरभर भिंतीतून फिरतात, त्या वाळवीला आयत्या मिळतात. स्विचबोर्डच्या कडेने माती बाहेर आलेली दिसली किंवा बटण अडकायला लागलं, तर तिथे स्क्रूड्रायव्हर घालू नका. मेन स्विच बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या. जुन्या घरांत बोर्डामागे लाकडी पेटी असते, ती हमखास बघायला सांगा.

पायरी ७: पंख

आपल्याकडे मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पहिल्या एक-दोन दमदार सरींनंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखांचे किडे घोंगावतात. पालींची दिवाळी असते. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर नुसते पंख सापडतात, किडे गायब. ते वाळवीचे नर-मादी. नवीन वसाहत मांडायला निघालेले असतात, जमिनीवर उतरले की पंख स्वतःच गाळतात.

मुंगीला पंख फुटले असं आपण म्हणतो, आणि खरोखरच पंखांच्या मुंग्याही याच दिवसांत निघतात. त्यामुळे फरक कळायला हवा. एखादा किडा पांढऱ्या कागदावर घ्या. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि शरीराहून बरेच लांब. मुंगीचे पुढचे मोठे, मागचे लहान. वाळवीची कंबर जाड, पुढून मागपर्यंत एकसारखी. मुंगीची कंबर दोऱ्याएवढी. वाळवीच्या मिशा सरळ, बारीक मणी ओवल्यासारख्या. मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या.

आता खरा प्रश्न: हे किडे बाहेरून आले की घरातून निघाले? खिडक्या उघड्या होत्या, दिवा चालू होता, तर बहुधा बाहेरूनच आले. दिवा बंद करा, सकाळी झाडून टाका. हे उडणारे किडे स्वतः फर्निचर खात नाहीत आणि त्यांतले बहुतेक मरतातच. पण खिडक्या बंद असताना पंखांचा ढीग स्कर्टिंगपाशी, चौकटीच्या बुडाशी किंवा कपाटाच्या आत सापडला, तर वसाहत अगदी जवळ आहे. आमच्या शेजारी हा ढीग त्यांच्या गॅस सिलिंडरच्या कपाटात निघाला. त्या कपाटाची मागची भिंत आमच्या बाथरूमची. दोन्ही घरं वेगवेगळ्या पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावत होती आणि वाळवी या बाजूहून त्या बाजूला फिरत होती.

पायरी ८: भुकटी

फर्निचरखाली काही पडलेलं दिसलं तर काळ्या कागदावर घेऊन बोटांनी चोळा. खसखशीसारखे टणक, वेगवेगळे दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. फोनचा कॅमेरा झूम करून बघितलं तर दाण्याला सहा बाजू दिसतात. मैद्यासारखी मऊ पूड आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. तो वाळवी नव्हे, त्याचा उपचार वेगळा. एका टोकाला पांढरा ठिपका असलेली काळी लेंडी पालीची. तिचं काही करायचं नाही.

उगाच घाबरवणाऱ्या गोष्टी

भिंतीला लोणा लागून रंगाचे पोपडे निघतात, पांढरी भुकटी येते. ही वाळवी नाही, पण ओल आहे, म्हणजे आमंत्रण आहे. कुंभारीण माशी पडद्यामागे किंवा खिडकीच्या कोपऱ्यात मातीची कुपी बांधते. तो एका जागी गोळा असतो, कुठून कुठे जात नाही. आणि लादीच्या फटीतून मुंग्या माती काढतात ती सुटी, रवाळ ढिगुली असते, फुंकर मारली की उडते. वाळवीची माती पृष्ठभागाला चिकटलेली असते, उडत नाही. मी ज्या दिवशी ती पुसली त्या दिवशी फुंकर मारून बघितली असती तरी पुरलं असतं.

पायरी ९: इमारतीभोवती एक फेरी

तळमजल्यावर किंवा रो-हाउसमध्ये राहत असाल तर ही फेरी घरातल्या तपासणीएवढीच महत्त्वाची. कोपरखैरणे, ऐरोलीच्या बैठ्या घरांत पुढच्या वीतभर जागेत भिंतीला लागून माती टाकून बाग केलेली असते. तिथे जोत्याची भिंत मातीने झाकली जाते आणि वाळवी कुणाच्या नजरेस न पडता आत शिरते. भिंत आणि माती यांत हातभर अंतर ठेवा.

सोसायटीत डक्टमध्ये डोकावा. मीटर रूम, पंप रूम, वॉचमनची केबिन, मागच्या बाजूला रचलेली जुनी दारं. बांधकामाच्या वेळी स्लॅबला आधार दिलेल्या सेंटरिंगच्या फळ्या मातीत तशाच गाडून टाकलेल्या असतात, त्यावर वसाहती पोसतात. आवारातल्या झाडावर मातीचं अस्तर चढलेलं दिसलं तर लगेच झाड तोडायला निघू नका. वाळवी पुष्कळदा वाळकी सालच खाते. पण इमारतीच्या बाजूला लक्ष ठेवा. वारूळ हेही वाळवीनेच बांधलेलं असतं, नाग नंतर भाड्याने राहायला येतो.

सापडली तर

त्याच दिवशी डबीतला स्प्रे मारू नका. समोर दिसतात ते मरतात, राणी आणि बाकीचा कारभार मातीत सुखरूप राहतो, आणि रेघ दुसरीकडे निघते. रॉकेल ओतायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. घरात, वायरिंगजवळ ज्वालाग्राही तेल ओतणं हा वेडेपणा आहे.

आधी प्लंबर, मग पेस्ट कंट्रोल. हा क्रम आम्ही चुकवला. पहिला माणूस आला, चौकटीवर फवारून वीस मिनिटांत पैसे घेऊन गेला. तीन महिन्यांनी वाळवी शेजारच्या वॉर्डरोबच्या पाठीत. दुसऱ्या वेळी आधी भिंत तपासली, तर शॉवरच्या डायव्हर्टरचा (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकचा) जॉइंट आतल्या आत पाझरत होता. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे लादीतल्या पाणी जाण्याच्या जाळीच्या, कडेचं सिमेंटही गेलेलं. ते दुरुस्त करून, भिंत वाळू देऊन मग उपचार केला.

जुन्या इमारतींसाठी आयएस ६३१३ या मानकाचा तिसरा भाग आहे. तळमजल्यावर त्याची पद्धत थोडक्यात अशी: भिंत आणि लादी भेटतात तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांतून औषध सोडतात आणि भोकं बुजवतात. चौकटीला बारीक, तिरकी भोकं पाडून लाकडात औषध मुरवतात. नुसतं वरून फवारणं म्हणजे उपचार नव्हे.

येणाऱ्याला फोनवरच विचारा. कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना आहे का? औषध कोणतं, आणि ते माझ्यासमोर सीलबंद बाटलीतून काढून मिसळणार का? भोकं किती आणि कुठे पाडणार? वॉरंटी लेखी देणार का, आणि तिच्यात पुन्हा तपासायला किती वेळा येणार? गुळमुळीत उत्तर मिळालं तर दुसरा बघा. ड्रिल लावण्याआधी पाण्याचे आणि विजेचे पाइप भिंतीतून कुठून गेलेत ते तुम्हीच दाखवा, त्याला माहीत नसतं. वरच्या मजल्यावर बाथरूमच्या आतल्या लादीला भोक पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्यांकडे गळती आणि तुमच्याकडे पुन्हा ओल. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, माशांची टाकी किंवा मांजर-कुत्रं असेल तर आधीच सांगा आणि औषध सुकेपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा.

वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घराला त्याच दिवशी सांगा. लाज वाटते, माहीत आहे. वाळवी म्हणजे अस्वच्छता असं लोकांना वाटतं, म्हणून कुणी बोलत नाही. सोसायटीला लेखी कळवा, कारण डक्ट आणि इमारतीभोवतीची माती हे सोसायटीचं काम आहे. एका फ्लॅटने एकट्याने ते होत नाही.

भाड्याच्या घरात राहायला जाताना पहिल्याच आठवड्यात हे सगळं करा आणि चौकटींचे, माळ्याचे, सिंकखालचे फोटो तारखेसकट मालकाला पाठवून ठेवा. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना "हे तुमच्या वेळी झालं" या वाक्याला तेवढंच उत्तर चालतं. विकत घेत असाल तर टोकन द्यायच्या आधी. सगळं घर जुन्या रंगात आणि एकाच चौकटीला ताजा ऑइलपेंट असेल, तर तिथूनच ठोकायला सुरुवात करा.

गेल्या वर्षी भाचीसाठी घणसोलीत घर बघायला गेले होते. मी एकेका दारापाशी वाकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत होते. एजंट घड्याळाकडे बघत म्हणाला, "मॅडम, घर बघताय की दार?" तिसऱ्या चौकटीचा खालचा वीतभर भाग पापडासारखा वाजला, तेव्हा तो काही न बोलता वाकला आणि स्वतःच्या गाडीच्या किल्लीने चौथी चौकट ठोकून बघायला लागला.